पावसाची बॅग

१७ ऑक्टोबर

स्वीटीने, माझ्या धाकट्या जावेने, ग्रुप काढला! नाव काय, तर 'पार्क चलो'. हैदराबादकडच्या मोठ्या थीम पार्कला जायचं ठरलंय, हे मला माझ्याच फोनवरून कळलं. रजतभाऊजींनी ह्यांना विचारलं, हे हो म्हणाले, आणि मी थोरली सून — मला मेसेज! दिवाळीच्या सुट्टीत भाऊजी आणि स्वीटी पुण्याहून आपल्याकडे हिंगणघाटला येणार, मग सगळे मिळून गाडीने. सासूबाई येत नाहीत. "मले त्या झुल्यात बसवून मारता का?" म्हणाल्या.

काजल घरभर नाचतेय. "स्वीटी काकूनं ठरवलं, स्वीटी काकूनं ठरवलं!" बारा वर्षं वाढवली कोणी? असो.

१९ ऑक्टोबर

आज ग्रुपवर हवामान. स्वीटीच्या फोनवर ढग आणि वीज, ह्यांच्या फोनवर लख्ख ऊन, भाऊजींच्या फोनवर दोन्ही. समुद्रात म्हणे काही तरी तयार होतंय, येईल की जाईल कोणालाच माहीत नाही. स्वीटीचा मेसेज — "ताई, ऊन, पाऊस, एसी, तिन्हीची तयारी ठेवू. तुम्ही टेन्शन नका घेऊ, मी सगळ्यांचं पॅक करून राह्यली." मी म्हटलं, मी छत्री आणि टॉवेल घेते. तर हसणारे चेहरे पाठवले. "झुल्यावर छत्री अलाउड नाई ताई!" अगं, छत्री घेऊन झुल्यावर कोण बसतंय? रांगेत उभं राहायचं नसतं का?

काजलने त्या चेहऱ्यांवर अंगठा दिला. माझी पोरगी!

२४ ऑक्टोबर

आले दोघं. नागपूरची पोर पुण्यात राहून आणखीनच चकचकीत झालीय. स्वीटीने पलंगावर निळी बॅग उघडली आणि दुकानच मांडलं. प्रत्येकाला घडीचा रेनकोट, पटकन वाळणारे टी-शर्ट, फोनला पाणी लागू नये म्हणून पिशव्या, न घसरणाऱ्या चपला. काजलचा रेनकोट जांभळा. माझा मातकट. "मळत नाई ताई हा रंग." बरं!

दुपारी दोघी दार लावून बॅग भरत होत्या. चहा घेऊन गेले तर आत एकदम चूप. माझ्या घरात, माझ्या पोरीच्या खोलीचं दार मीच वाजवायचं! आत गेले तर काजलने काही तरी बॅगेच्या तळाशी सारलं. "काय गं?" "काई नाई." स्वीटी माझ्याकडे बघत राहिली, मग चहाचं कौतुक करायला लागली. मला नाही आवडत असं गोड बोलणं.

२६ ऑक्टोबर

काजलने वेणी स्वीटीकडून घालून घेतली. माझ्याकडून म्हणे ओढल्यासारखी होते.

२८ ऑक्टोबर

मीही माझी बॅग भरली. आईच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे — अंग पुसा, डोक्याला बांधा, वाऱ्यावर धरले की वाळले. दोन छत्र्या. सगळ्यांचा एकेक कोरडा जोड, गाठ मारलेल्या पॉलिथिनमध्ये. आणि ह्यांच्या जिनिंग मिलमधून आणलेला कापूस झाकायचा मोठा प्लास्टिकचा तुकडा. तो पाहून भाऊजी म्हणाले, "वहिनी, आपण पार्कले चाललो का कापूस विकाले?" सगळे हसले. हेही! काजल सगळ्यात जोरात.

जळते का मी? जळते. इथे कोण वाचतंय!

२९ ऑक्टोबर

सासूबाईंनी सकाळी कॅलेंडर पाहिलं. "उद्या गुरुवार. गुरुवारी दक्षिणेकडे निघत नाईत. आज पस्तान ठेवा." म्हणजे आपल्या वस्तूतलं एखादं आजच घराबाहेर, वाटेवरच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास आजच सुरू झाला असं धरतात. उद्या जाताना ते उचलायचं आणि पुढे जायचं. स्वीटीला हे माहीत नव्हतं. तिला हसू आलं. सासूबाईंना दिसलं, तरी तिला काही म्हणाल्या नाहीत. मी हसले असते तर?

सुपारी आणि रुमाल ठेवला तरी चालतो. मी म्हटलं, "आई, एखादी बॅगच ठेवते विमलाबाईकडे." गल्लीच्या टोकाला, दक्षिणेच्याच बाजूला घर. आणि हात कुठे गेला? निळ्या बॅगेवर! स्वीटी भाऊजींबरोबर बाजारात, काजलही त्यांच्यासोबत. म्हटलं, राहू दे एक रात्र परक्या घरात. सारखी उघडझाक चालते तिची.

परत आल्यावर काजलचा चेहरा असा उतरला! "ते काऊन नेली? तुही बॅग न्यायची ना!" एका बॅगेसाठी आईवर ओरडली. आता तर मुळीच परत आणणार नव्हते.

३० ऑक्टोबर

विमलाबाईच्या दाराला कुलूप! शेजारचे म्हणाले, वर्ध्याहून भावाचा फोन आला, पहिल्याच एसटीने गेल्या. आम्ही फोन लावला तर आतच वाजत होता. खिडकीतून निळी बॅग दिसते, हात पुरत नाही. सासूबाई म्हणतात, पस्तान उचलल्याशिवाय निघू नका. हे म्हणतात, हॉटेलचं बुकिंग आहे. शेवटी सासूबाईंनी दाराला हात लावून नमस्कार करायला लावला आणि निघालो.

स्वीटीच्या डोळ्यांत पाणी! मला आतून गुदगुल्या झाल्या. देवाने ऐकलं असं वाटलं.

३१ ऑक्टोबर

सकाळी डोळे उघडवेनात असं ऊन. लुगड्याचे तुकडे सगळ्यांच्या डोक्याला. आणि जेवायच्या वेळेला काळं करून जो कोसळला! विजेमुळे झुले बंद. लोक सैरावैरा. आमचे पाचही जण माझ्या कापसाच्या प्लास्टिकखाली, कोरडे! हे म्हणाले, "आज तुह्याच बॅगेनं वाचवलं." भाऊजींनी कान धरले. मी जिंकले.

पण काजल! सकाळपासून एकाही पाण्याच्या झुल्यात बसली नाही. पोट दुखतं म्हणे. मी जवळ बसले तर "तू जा ना आई, मज्जा कर." स्वीटी भर पावसात रेनकोटशिवाय दुकानात धावली, ओढणीखाली काही तरी लपवून आणलं, आणि दोघी बाथरूमकडे. मी छत्री धरून बाहेर उभी. किती वेळ! बाहेर आल्यावर काजलने हात धरला होता तो तिचा. चिंब भिजलेल्या त्या बाईचा. कोरडी आई समोर असताना.

१ नोव्हेंबर

परत. गाडीत काजल स्वीटीच्या खांद्यावर झोपली.

२ नोव्हेंबर

ते दोघं दुपारी पुण्याला गेले. जाताना स्वीटी काजलला म्हणाली, "आता सांग. मी आणखी नाई लपवत." मी ऐकलं. गाडी वळेपर्यंत दम धरला, मग पोरीला घेऊन गच्चीवर गेले.

काजल रडत रडत बोलली. गेल्या महिन्यातच तिला पाळी आली. शाळेत. मॅडमनी पॅड दिलं, घरी येऊन तिने माझ्याच फोनवरून काकूला विचारलं, पुढं काय करू. निळ्या बॅगेच्या तळाशी तिचंच सामान होतं, गडद रंगाची पँटसुद्धा. काकू रोज म्हणायची, आईले सांग, पण हिनेच तिला शपथ घातली होती.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू आजीले सांगतलं असतं. आजीनं मले छपरीत बसवलं असतं चार दिवस. कोनाले शिवाचं नाई, सैपाकघरात याचं नाई. पार्कले बी नेलं नसतं."

"मी नसतं बसू देलं तुले."

"तू तं सोताच बसते आई."

दर महिन्याला मी घरामागच्या छपरीत चटई टाकून बसते, दुरून वाढलेलं ताट घेते. पोरगी लहानपणापासून बघतेय. आणि ती बॅग मीच नेऊन कुलपात घातली, आणि गुदगुल्या झाल्या मला!

स्वीटीला फोन करायला हवा. उद्या करीन. आज नाही होत. आजही जळतेच आहे — पहिल्यांदा मला सांगायचं होतं गं.

६ नोव्हेंबर

आज मला आली. छपरीत गेले नाही. गॅस पेटवला, कणीक मळली. सासूबाई दारात आल्या — "रूपाली, भुलली का वं?" म्हटलं, नाही आई, लक्षात आहे. आणि सगळ्यांची ताटं वाढली. सासूबाई जेवल्या नाहीत. हे मान खाली घालून जेवले.

काजल माझ्या ताटात जेवली.