मिटलेल्या पिसाऱ्याचा मोर

नंदाखाल,
६ जानेवारी १९५४

प्रिय मधूदादा,

दिवाळीत तुला लिहिलेल्या पत्रात माझी एक चूक झाली आहे आणि ती लहान नाही. आईच्या गाण्याच्या दोन तबकड्यांपैकी नाव असलेली आधीची आणि बिननावाची नंतरची, असं मी कळवलं होतं. ते उलटं आहे. बिननावाची आधीची.

माझी तशी समजूत का झाली ते सांगते, सबब म्हणून नाही. आईच्या पेटीच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत ती तबकडी सापडली, तेव्हा आरशासारखी चकचकीत होती. मधल्या निळ्या कागदावर मोर, आणि गाणारीच्या नावाच्या जागी नुसतं ‘एक घरंदाज स्त्री’. आपली रोजची तबकडी मात्र झिजून राखेच्या रंगाची झालेली, आणि तिच्यावर ठळक ‘रुक्मिणी जगन्नाथ राऊत’. झिजलेली ती जुनी, असं मी धरून चालले. मग आई गेल्यावर, नवी आई घरात आल्यावर, आबांनीच कंपनीला सांगून नाव काढून टाकलं असणार, हे माझं मीच जोडलं आणि तुला खात्रीने लिहिलं.

मला शाळेत घालण्याआधी आबांनी त्या नावाच्याच कागदावर अक्षरं शिकवली, आठवतं? दुपारचं ऊन केळींतून गाळून ओटीवर हिरवं होऊन यायचं. आबा माझं बोट धरून ‘रु’वर ठेवायचे आणि मग फोनोला किल्ली द्यायचे. तबकडी फिरू लागली की अक्षरं एकमेकांत मिसळत, मोराचं निळं पाणी होई, आणि त्या पाण्याच्या तळाशी बसून आई गाते आहे असं मला वाटे. गाणं संपलं की पाण्याचा पुन्हा मोर व्हायचा. आई कुठे जायची, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात फोनोची स्प्रिंग तुटली म्हणून बँडवाल्या लुईसकाकांकडे गेले. त्यांच्याकडे त्याच कंपनीच्या पुष्कळ तबकड्या आहेत, आणि त्यांच्या बायकोने, क्लेमेंटीनने, प्रत्येक पाकिटावर विकत घेतल्याची तारीख घातली आहे. ते स्प्रिंग बसवत असताना मी सहज मोर बघत बसले. एकोणचाळीस सालापर्यंतच्या सगळ्या मोरांचा पिसारा मिटलेला. चाळीसच्या ईस्टरपासून पुढच्या सगळ्यांचा उघडा. सतरा तबकड्या पाहिल्या, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या. एका पाकिटावर तारीख नव्हती, ती बाजूला ठेवली. काका हसून म्हणाले, मुलगी पसंत करायला आल्यासारखे मोर काय बघतेस. मला हसू आलं नाही. पेटीतल्या तबकडीवरचा पिसारा मिटलेला आहे, आणि आपल्या झिजलेल्या तबकडीवरचा उघडा. आई तर एकोणचाळीसच्या श्रावणात गेली.

शेवटी मी त्यांना विचारलं, आबा नाव काढायला कधी कंपनीत गेले होते का? त्यांनी पक्कड खाली ठेवली. “काढायला कोण जाईल, पोरी? घालायला गेलेलो आम्ही, मी आणि तुझा बाप. सुनेचं नाव बाजारात नको म्हणून तुझा आजाच अडून बसलेला. तो गेला, मग तुझी आई गेली. त्यानंतर जगन्नाथने कंपनीकडून जुन्याच साच्यावरून तेच गाणं पुन्हा काढून घेतलं, तिच्या नावाने.”

दादा, आबांनी वाजवून वाजवून झिजवली म्हणून ती मला जुनी वाटली. आणि आईने स्वतःची कधी लावलीच नसावी, म्हणून ती नवी. रविवारी घरात कुणी नसताना कोरी पिन घालून मी ती एकदाच लावली. विहिरीच्या पलीकडून यावा तसा तिचा आवाज आला. गाण्याआधी ती हळूच श्वास घेते. आपल्या तबकडीवरचा तो श्वास झिजून गेला आहे, आपण तो कधी ऐकलाच नव्हता. पुन्हा लावायचा धीर झाला नाही, तिथेही एक ओरखडा माझ्या हातून पडायचा.

माझ्या त्या पत्रापासून तू आबांना एक ओळ लिहिली नाहीस. ‘आबांना माझा नमस्कार सांगू नकोस’ हे तुझं कार्ड मी तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलं आहे. पोस्टमन दिसला की आबा वाडीतलं काम टाकून फाटकापाशी जातात आणि परत येताना आपणहून मला सांगतात, बडोद्याला गिरणीत सध्या काम फार असेल. मी मान हलवते. एवढं करून नुसतं तुला खरं कळवून गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. तुझ्या उत्तराची वाट पाहावी असं मनात आलं होतं, पण ते तुझ्या आड लपणं होईल. तू ये किंवा येऊ नकोस, दोन्ही तबकड्या मी आबांपुढे ठेवणार आहे आणि मधूचा अबोला मीच लावून दिला हे त्यांना सांगणार आहे: संक्रांतीला, दुपारची जेवणं झाल्यावर, गुरुवार, चौदा जानेवारी.

चुकलेली, पण तुझीच,
सरला