म्हाताऱ्या ऑर्क सरदाराचं फाडलेलं पान

प्रशिक,

आईचा फोन आला. बाबाच्या छातीत दुखून राहिलं होतं, उमरेडच्या दवाखान्यात भरती केलं. मी बसनं चालली. वरण गॅसवर आहे, भात तेवढा लावून घे.

संध्याकाळी गेम खेळायले पोट्टे येतीन. त्याइले सांग, आज गेम नाही. अन् मी गेमची गोष्ट रचते ती वही उघडू नको. उघडशीनच तू, म्हणून मीच सांगते. गोष्टीतल्या तुमच्या भाडोत्री ऑर्क राक्षसांच्या टोळीले राजाच्या दोन्ही प्रधानांनी आपापल्या बाजूनं ओढलं आहे, अन् त्या राजकारणात आज टोळीचा म्हातारा सरदार मरणार होता. त्याच्या पेल्यात विष टाकायचं मीच लिहिलं होतं. फोन ठेवला अन् पहिले ते पान फाडलं.

तुले कळलं का नाही माहीत नाही, पण गेममध्ये त्या सरदाराचं मी बोलते, तवा आवाज बाबाचा काढते. "जेवला का गा?" हे बाबाचंच आहे. दसऱ्यापासून तू बाबाशी बोलला नाही. काहून, ते मी विचारत नाही. पण सरदारानं विचारलं का तू दर रविवारी "हो जी" म्हणतो.

आता फोनवर आईच्या मागून बाबाचा आवाज आला, "प्रशिक जेवला का?"

तू भात लाव, जेव, अन् उमरेडले येऊन बाबाले स्वतः सांग.

दीक्षाताई