आईनं शेकलेलं माझं रक्त

ती. दाजी यांना भूमहून योगीराजचा दंडवत.

तुमचा नळदुर्गचा ढाबा, अक्काची कंबर आणि तुमची लेक चि. सृष्टीच्या उलट्या (दिवस गेलेत म्हटल्यावर चालायचंच) ठीक असतील असं धरून लिहितो. इकडं ठीक नाही. माझ्या सुजलेल्या पायात रक्ताची गाठ निघाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टर म्हणाले, रक्त नको तिथं गोठू न देणारं प्रोटीन सी म्हणून एक असतं, ते तुमच्यात जन्मापासूनच कमी असावं, तपासू. पण गाठीवरच्या गोळीनंही ते कमी दिसतं, म्हणून गोळी बंद करून पोटात सुया. पोटाची चाळणी झाल्यावर इथल्या लॅबनं रक्त काढलं, त्यातलं पिवळं पाणी वेगळं करून गोठवलं आणि सोलापूरला न्यायला बर्फाच्या डब्यात ठेवलं. लॅबचा माणूस नेमका लग्नाच्या वऱ्हाडात गेलेला. डबा मीच एसटीनं नेतो म्हणालो (इथंच माती खाल्ली) आणि पिशवी घ्यायला घरी आलो.

मी पायाला पट्टी गुंडाळेपर्यंत आईनं डबा उघडला. "माझ्या लेकाचं रगात बर्फात? गारठून जाईल की!" म्हणत तिनं नळी चुलीपाशी शेकली, तिला कुंकू लावलं आणि मुकाट परत बर्फात ठेवली. सोलापूरच्या लॅबमधल्या बाईंनी कुंकू बघितलं आणि वितळलेलं चालत नाही म्हणून नळी फेकून दिली. पुन्हा सुई, पुन्हा डबा. या खेपेला डब्याला कुलूप घातलं.

रिपोर्ट कमीच आला. आईला समजावून सांगितला, दादांनाही हेच नडलं असणार म्हणालो, तर ती उठून थेट शेताशेजारच्या गुंडाप्पाच्या दारात गेली. आमचे दादा आईला नि आम्हा लेकरांना टाकून ऐन चाळिशीत पाय सुजून, धाप लागून गेले, तेव्हा गुंडाप्पानं बांधावर लिंबू टाकून करणी केली म्हणून आम्ही त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. त्यानं तिला चहा पाजला. दोघंही रडले म्हणे. मला तर रात्रंदिवस दादांचा तो पाय दिसतो.

आपला,
योगीराज

ता.क. : अक्काला म्हणावं, शेंगाचटणी पाठव.

आणखी ता.क. : फोनवर हा विषय काढला की तुमच्याकडं गिऱ्हाईक येतं, म्हणून पत्राचा खटाटोप. हे रक्तातून लेकरांत उतरतं, दाजी. गरोदरपणात तर गाठीची भीती जास्तच. अक्काला आणि सृष्टीला तपासायला इकडं पाठवा, ढाबा सोडून तुमच्यानं सोलापूर व्हायचं नाही. दोष आमच्या घराण्याचा आहे, व्याह्यांना खुशाल तसंच सांगा. सृष्टीला काही झालं, तर आता खापर फोडायला गुंडाप्पाही उरला नाही. आई म्हणते, "पोरीचं रगात सोलापूरला पोचंस्तोवर म्या चूल पेटवायची न्हाय."