टेकडीवरचा ध्वजस्तंभ

मंगळ. ६ जाने.
आज चाचणीच्या उड्डाणात मलाही बसवलं. धुक्यात बाहेरचं काही दिसेना झालं, तरी पायलटला समोरच्या स्क्रीनवर डोंगर, टॉवर दिसावेत असं हे यंत्र. चित्र संगणक यादीवरून काढतो, ते खरं का खोटं ते आम्ही बघायचं. या पट्ट्यातले टॉवर नि खांब मीच पायी फिरून त्या यादीत टिपलेत.

हवा स्वच्छ. नाझनीन (पायलट, मालेगावची पोर) बाहेर बघतेय, मी मागून स्क्रीनकडे. घोटीच्या अलीकडे, आमच्याच गावच्या टेकडीशी ती म्हणाली, "काका, केवढा खांब हा! स्क्रीनवर कुठाय?"

स्क्रीनवर टेकडी बोडकी.

"तुम्ही फिरून गेल्यावर उभारला असेल, ना?"

"हो," म्हटलं. बोलून बसलो.

बुध. ७
अर्धी भाकरी ताटात टाकून उठलो. ही म्हणाली, "भाजी खारट झाली का?" नव्हती.

खांब देवीचा. दोन वर्षं जुना. नारळ मीच फोडला होता. टॉवर टिपायला गेलो, तेव्हा त्याच्याच बुडाशी बसून डबा खाल्ला. लपवला नाही, देवीशप्पथ. मोबाइलचा टॉवर अडथळा, विजेचा खांब अडथळा. देवीचा झेंडा अडथळा कसा, असंच डोक्यात. म्हणजे बाकीच्या टेकड्यांवरही...

गुरु. ८
चाचणीच्या साहेबांनी यादीत खांबापुढे 'नवीन' लिहिलं. बाकी यादी मंजूर. सातवी शिकलेला, रेडिओ दुरुस्त करणारा माणूस मी, माझ्या शब्दावर! सोमवारी नाझनीन आपल्या बाजूच्या काचेला पडदा लावून नुसत्या स्क्रीनवर उडवणार. शेजारचा पायलट बाहेर बघत असेल म्हणे. पण पुढे खऱ्या धुक्यात कोण बघणार?

हिला सांगितलं. "पोरगी काका म्हणते तुम्हाला," एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं.

रवि. ११
फोन केला एकदाचा.

"बेटा, तो खांब नवा नाही. त्याचा नारळ मी फोडलाय."

"तेव्हा का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"आणि आता?"

"आता जास्त वाटते."

"असे आणखी किती डोंगरांवर देव आहेत, काका?"

"अगं, नाशिक जिल्हा आहे हा."

हसेल वाटलं. नाही हसली.

"उद्याचं उड्डाण मी थांबवते. साहेबांना मात्र तुम्हीच सांगायचं."

साहेब दहाला येतात. मी आधीच जाऊन बसेन. डोंगर पुन्हा सगळे फिरावे लागणार, गुडघे साथ देतील. पण पाठवतील का मला...