पिवळी रेघ

३ नोव्हेंबर, रविवार

वाट चोरीला जाते हे आज कळलं.

सकाळी झऱ्याशी पोचलो तर तिथे माणसंच माणसं. चकचकीत सायकली झाडांना टेकवलेल्या, हेल्मेटं माझ्या दगडावर, कुणाच्या तरी पिशवीतून गाणी चाललेली. आणि मधोमध उभा आमचा साडू – बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ही वाट आपण उपग्रहाच्या चित्रातून कशी हुडकली ते हातवारे करून सांगत होता. मला बघून अडखळलासुद्धा नाही. "हे आमचे दादा. यांनाही सायकलचा थोडा नाद आहे."

थोडा नाद!

दोन हिवाळे गेले त्या वाटेत. पंपहाउसची पाळी संपवून घरी यायचं, संगणकावर डोंगराचं वरून काढलेलं चित्र लावायचं, मोठं करत जायचं. झाडीत एक फिकट दोरा दिसायचा आणि तुटायचा. जिथे तुटला तिथे रविवारी सायकल घेऊन जायचं. कोयत्याने झुडपं मोकळी करायची, पुढचा दोरा घरी येऊन पुन्हा शोधायचा. चाललेला भाग पिवळ्या रेघेने चित्रावर आखून ठेवायचा. असं करत करत झऱ्याशी पोचलो. तिथे एक सपाट दगड आहे. त्यावर बसून देवाचं नाव घेतलं की मन लागतं. घरी इतकं लागत नाही.

कुणालाही सांगितलं नव्हतं. मग याला कळलं कसं?

४ नोव्हेंबर, सोमवार

कळलं. हा संगणक त्याचाच जुना. नवा घेतला तेव्हा मोठ्या मनाने हा मला दिला. नकाशाचं खातंही त्यानेच उघडून दिलं – त्याच्याच नावावर. म्हणजे मी इथे जी रेघ ओढतो ती त्याच्या मोबाइलवर उमटते. दोन वर्षं मी त्याच्यासाठी फुकट राबलो.

आयत्या बिळात नागोबा, आणि बीळ खणणारा उंदीर मी.

६ नोव्हेंबर, बुधवार

हिला सांगितलं. भाजी निवडता निवडता म्हणाली, डोंगर काय आपल्या वाडवडिलांचा आहे का? म्हटलं, डोंगर नाही, पण हातावरचे ओरखडे माझे आहेत. म्हणाली, मग तोंडावर बोला त्याला. म्हटलं, तो त्याचं तोंड बंद ठेवील तर मी माझं उघडीन ना. ती हसली. मला हसू आलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

सायकलवाल्यांच्या ॲपवर ती वाट सापडली. खाली साडूचा फोटो, काळा चष्मा लावलेला. लोकांनी किती कौतुक केलंय! कुणी दातांचे डॉक्टर आहेत, तेच या टोळीतलं मोठं प्रस्थ दिसतात. त्यांनी लिहिलंय, 'तुमच्या नजरेला सलाम.'

नजर!

जप करायला बसलो. मणी फिरत होते आणि डोळ्यांपुढे तो चष्मा. बरोबर जपाच्या मध्यावर सुचलं. देवाने सुचवलं असं म्हणणार नाही, पण त्याने अडवलंही नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

झऱ्यावर गेलो नाही. काम होतं.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मी कधी गेलेलो नाही. आपल्या बाजूने ते दिसतही नाही. चित्रात मात्र तिथे एक लांबलचक खोल घळ दिसते. एका अंगाला काळी किट्ट, काटेरी जाळी असणार. खाली दगडांच्या राशीत तोंड बंद. आत गेलेल्याला आल्या वाटेनेच परत, तेही चढावर, सायकल खांद्यावर घेऊन.

त्या घळीतून पिवळी रेघ ओढली. मन लावून ओढली. सायकलवाल्याचे पाय शिवशिवतील अशी वळणं दिली. मध्ये एक मोठा खडक दिसतो, त्याला झकास वळसा घातला. रेघेला नाव दिलं – 'सगळ्यात सुंदर. कुणाला सांगायची नाही.'

हे वाचल्यावर तो थांबेल? साखर सांडून मुंगीला नको म्हणण्यातलं आहे.

कुणी पडणार नाही. घळीत माणूस पडत नाही, तो आधीच खाली असतो. फक्त अडकेल. चष्मा काट्यात, डॉक्टरसाहेब चिखलात, आणि सगळ्यांच्या पुढे आमचे शोधक.

देवा, हे तुला पटणार नाही. म्हणून आज जप लवकर आटपला.

१३ नोव्हेंबर, बुधवार

हिच्या बहिणीचा फोन. रविवारी म्हणे यांची मोठी मोहीम आहे, नवी वाट सापडलीय. ही म्हणाली, अहो, ऐकलंत का? म्हटलं, ऐकलं.

जेवण दोन घास जास्त गेलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर खिडकीपाशी. सायकल पुसली, साखळीला तेल घातलं, पुन्हा पुसली. मनात चित्रं येत होती – टोळी वैतागलीय, डॉक्टर विचारताहेत, अहो, नजर कुठे गेली तुमची? हिने दोनदा विचारलं, एवढं गालात काय हसताय?

संध्याकाळी साडू बायकोला घेऊन आला. अंगावर ओरखडा नाही. तोंडावर तेज. बसायच्या आधीच सुरू झाला – आयुष्यात असली वाट पाहिली नव्हती, चित्रात घळ वाटते पण घळबीळ काही नाही, डोंगराची उघडी सोंड आहे, तिच्या पाठीवरून सायकल न्यायची, दोन्हीकडे नुसतं आकाश! डॉक्टरांचे डोळे भरून आले म्हणे. एका ठिकाणी मात्र सगळ्यांनी जीव मुठीत धरला होता. हिची बहीण म्हणाली, सांगू नका बाई, मला ऐकवत नाही.

मी ऐकत होतो. हातातला कप खाली ठेवायचं सुचत नव्हतं.

मग त्याने विचारलं, "दादा, तुम्ही गेला होतात ना तिथे?"

हो म्हणालो. काय म्हणणार?

"मधला मोठा खडक कसा ओलांडलात?"

"उजवीकडून," मी म्हणालो. रेघ तशीच ओढली होती.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग पाणी मागितलं आणि दुसरं काहीतरी बोलू लागला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पाळीवर मन नव्हतं. घरी येऊन चित्र लावलं. घळ तशीच. उंची दाखवणारं बटण दाबलं तर हा म्हातारा संगणक थिजतो, म्हणून ते कधी दाबतच नाही.

मग एक गोष्ट केली जी उभ्या जन्मात केली नव्हती. नकाशा फिरवला.

गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं – वर उत्तर. नकाशा फिरवायचा नाही, आपण फिरायचं. एकदा मी फिरवला तर बोटांवर पट्टी बसली होती. ती अजून बसलेलीच आहे.

उत्तर खाली केली आणि डोळ्यांदेखत घळ वर उठली. खोलगट होतं ते फुगलं, सोंड झाली. काळी जाळी म्हणजे जाळी नव्हतीच, सोंडेची सावली होती. चित्र सुलटं केलं – पुन्हा घळ. उलटं – सोंड. तोच डोंगर! ऊन खालून येतंय हे डोळ्यांना पटत नाही, म्हणून ते उंचाला खोल ठरवतात. माझ्या वाटेचा प्रत्येक तुकडा मी पायाखाली घातला होता, त्यामुळे तिथे चूक लगेच कळायची. इकडे पाय नव्हते. नुसता राग होता.

मग खडक बघितला. जाणाऱ्याच्या उजव्या हाताला काही नाही. सरळ कडा.

मी तिथून रेघ ओढली होती.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

जप झाला नाही. जीभ उचलेना.

२४ नोव्हेंबर, रविवार

झऱ्यावर गेलो. चिटपाखरू नाही. सगळी टोळी सोंडेवर. गाणी नाहीत, हेल्मेटं नाहीत, दगड माझा. हेच मागितलं होतं ना? मग बस.

बसलो. मन लागलं नाही. कुणी एकजण जरी रेघेवर विश्वास ठेवून उजवीकडे वळला असता, असं सारखं येत राहिलं. आणि लाज वाटते लिहायला, पण त्याच्या खाली दुसरंही येत होतं – त्याचं नाव आणखी मोठं झालं, आणि ते मीच केलं. पाडायला गेलो आणि खांद्यावर घेऊन नाचलो.

१ डिसेंबर, रविवार

ही बहिणीकडून बातमी घेऊन आली, पदर सावरायच्या आधीच सांगू लागली. दातांच्या डॉक्टरांनी सोंडेची वाट ॲपवर टाकली – स्वतःच्या नावाने! वर लिहिलं, अनेक महिने उपग्रहाच्या चित्रांचा अभ्यास करून शोधली. साडूचं नाव कुठेच नाही. कुणी विचारलं तर म्हणे, हो हो, तेही सोबत होते, त्यांनाही थोडा नाद आहे.

चोरावर मोर.

खूप वेळ हसलो. हीसुद्धा हसली. आज पहिल्यांदा दोघं एकाच गोष्टीला.

३ डिसेंबर, मंगळवार

साडू आला. एकटा. चष्मा नाही, दाढी वाढलेली. चहा घेतला नाही. माझ्या सायकलीचं चाक बोटाने फिरवलं. मग म्हणाला, डॉक्टरला धडा शिकवायचाय. नकाशातलं तुम्हाला कळतं. त्याच्यासाठी एक रेघ ओढून द्या.

म्हटलं, कसली रेघ?

"तसलीच, दादा. माझ्यासाठी ओढली होतीत तसली."

 

संगणक लावला. खुर्ची थोडी सरकवून त्याला शेजारी जागा दिली.