वाढीला ठेवलेली दोन वर्षं

ता. ३ जून

ती. स्व. ताईस,
टिल्लूचा सा. न. वि. वि.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुला ऐकू येतं ते भलतंच, म्हणून पत्र. इकडे सगळं ठीक. बातमी एकच. दारू विकत घेण्याचं वय एकविसावरून अठरावर आलं. आमच्या बालन्यायालयात दिवसभर तीच चर्चा. साहेब म्हणाले की पोरांनी लपूनछपून पिण्यापेक्षा उघड प्यायलेली बरी, गुन्हे कमी होतील. शिपाई म्हणाला, आता तुमची, स्टेनोची बोटं झिजणार. मी दोघांनाही हो म्हटलं. सरकारी नोकरीत एवढं जमलं पाहिजे.

भिंगरीला गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. कागदावर, बरं का! नवं ओळखपत्र घेऊन घरभर नाचत होती. वर्गात अठरा झालेली ती पहिलीच. खरी सोळाची आहे, हे फक्त तुला आणि मला ठाऊक, तिलाही नाही. तिची आई गेली तेव्हा पोर चार वर्षांची, घरी सांभाळायला कुणी नाही. तू तुझ्या शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख मागं नेलीस म्हणून तिला शाळा मिळाली आणि माझी नोकरी टिकली. एका वर्षात भागलं असतं, पण फ्रॉक शिवताना वाढीला कापड सोडावं तशी तू दोन वर्षं सोडलीस. जन्माचा दाखला हरवला म्हणून मीही बिनदिक्कत सही ठोकली. असो. तुझे उपकार आहेतच.

गुडघ्याला तेल लावत जा.

तुझाच,
टिल्लू


ता. ११ जून

चि. टिल्लू यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुला हसू येत असेल, मला आलं नाही. आयुष्यात एकच खोटं लिहिलं, आणि तेही चांगल्या वळणदार अक्षरात. अजून रजिस्टरांच्या कपाटापाशी गेले की कुलूप दोनदा ओढून बघते. नऊ महिन्यांनी निवृत्त होईन, तोवर ते रजिस्टर कुणी उघडू नये एवढंच मागते.

तू म्हणतोस कागदावर अठरा. अरे, दुकानदार कागदच बघणार ना! तो काय तिचे दात मोजणार आहे? ते कार्ड तुझ्या कपाटात कुलूप लावून ठेव. आणि पोरीला खरं काय ते सांगून टाक. सोळाव्या वर्षी आपण किती अक्कल पाजळत होतो ते आठव.

मी आपली जुनाट बाई, पण माझं ऐक. भिंगरीला पापा.

तुझी ताई


ता. २० ऑगस्ट

ती. स्व. ताईस,
सा. न.

उत्तराला उशीर झाला, कारण खरोखरच बोटं झिजली. आमच्या व्हरांड्यात दोन बाकं होती, आता पाच टाकलीत, तरी पोरांचे आईबाप भिंतीला टेकून उभे. काचा फोडल्या, मोटरसायकल पळवली, मास्तरला मारलं. चौदा-पंधरा-सोळाची पोरं. जबाबात एक वाक्य हमखास येतं, की आधी थोडी घेतली होती. मी ते आता विचारायच्या आधीच टाइप करून ठेवतो. यांना देतं कोण, तर प्रत्येक टोळक्यात एक जण नुकताच अठरा झालेला असतो. बाकीचे त्याच्याभोवती गोळा होतात. साहेब हल्ली कायद्याविषयी बोलत नाहीत.

एक गोष्ट लिहू की नको करत होतो. परवा भिंगरीच्या कॉलेजसमोरच्या दारूवाल्यानं मला हाक मारून सांगितलं की तुमची मुलगी फार सभ्य, रांगेत नीट उभी राहते. मी तसाच तडक परतलो. घरी विचारलं तर म्हणाली की ती स्वतः पीत नाही, मैत्रिणींसाठी आणते, कारण आणू शकणारी तीच एकटी. आणि तिला बरं वाटतं, इतकी वर्षं सगळे तिला बुटकी म्हणून चिडवायचे, आता तिची वाट बघतात. मी कार्ड काढून घेतलं. चौथ्या दिवशी परीक्षेला ओळखपत्र लागतं म्हणून परत द्यावं लागलं. खरं वय सांगायला तोंड उघडलं होतं, पण अभ्यास कर एवढंच म्हणालो.

काळजी करू नकोस. मी करतोय तेवढी पुरे.

टिल्लू


ता. ९ ऑक्टोबर

ताई,

तुझी दोन पत्रं तशीच पडून आहेत. रागावू नकोस.

गेल्या मंगळवारी भर दुपारी भिंगरी आणि तिच्या वर्गातली पाच जणं बंद असलेल्या पोहण्याच्या तलावावर गेली. दोन बाटल्या होत्या, तिनंच आणलेल्या. रखवालदारानं हटकलं. झटापट झाली, तो पायऱ्यांवरून खाली गेला. अजून शुद्धीवर नाही. कुणी ढकललं हे कुणालाच आठवत नाही, भिंगरीलाही नाही. त्या दिवशी तीही प्यायली होती.

पाच जणं अठराच्या आतली, म्हणून आमच्याकडे आली. साहेबांना सांगून मी बाजूला व्हायला हवं होतं, पण पोरं काय म्हणतात ते ऐकायचं होतं, म्हणून गप्प बसलो. त्यांचे जबाब मी या हातांनी टाइप केले. पाचही जणांनी एकच सांगितलं, की आमच्यात मोठी ती होती. ताई, ती त्यांच्यात सगळ्यांत लहान आहे गं! ती पाचही जणं घरी गेली. भिंगरी मोठ्यांच्या तुरुंगात आहे, मोठ्यांच्या कोर्टात उभी राहणार, लहानांना दारू पाजून गुन्हा घडवला म्हणून.

वकिलाला खरी तारीख सांगितली. तो म्हणाला, उघड केलीत तर खोट्या सहीसाठी तुम्ही आणि खोट्या नोंदीसाठी बहीण, दोघंही अडकाल. मग मुलीला कोण बघणार? म्हणून तू तूर्त काही बोलू नकोस. मार्ग सापडेपर्यंत थांब. हात जोडतो.

टिल्लू


ता. १६ ऑक्टोबर

चि. टिल्लू यास,
आशीर्वाद.

मी थांबले नाही. ती जन्मली त्या दवाखान्यातून नोंदीचा उतारा काढला, मुख्याध्यापकांना सांगून रजिस्टर बाहेर काढलं आणि काल मोठ्यांच्या कोर्टात जाऊन जबाब दिला. अक्षर माझं आहे, असं म्हटलं. सही कुणाची असं विचारलं, तेव्हा तुझं नाव सांगितलं. सोमवारी तुला बोलावतील. नोकरी माझी गेली, तुझीही जाईल. तू मला वाचवायला थांब म्हणालास, की स्वतःला, हे मी विचारत नाही. पोर आत आहे, एवढंच मला दिसलं. आता तिला तिथून मुलांच्या सुधारगृहात हलवतील.

तुला अजून कळलं नसेल, रखवालदार परवा गेला. त्याची बायको कोर्टाच्या बाकावर माझ्याशेजारीच बसली होती, मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं. माझा जबाब झाल्यावर ती जवळ आली. मला वाटलं अंगावर धावून येईल. पण तिनं अगदी हळू आवाजात, माझ्या चांगल्या कानाशी येऊन विचारलं, की म्हणजे बाई, तुम्ही खरी तारीख लिहिली असती, तर दुकानदारानं त्या पोरीला बाटली दिलीच नसती ना?

ती सोमवारी पुन्हा येणार आहे. तुलाही विचारील.

माया कमी करू नकोस.

तुझी ताई