मेथीचा खरा भाव

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

मेथी पंचवीस रुपये पेंडी! गोजरबाईला सांगितली — दहा.

आजपासून या वहीत खरे भाव लिहायचे. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोशी कधी खोटं बोललो नाही असं नाही, पण मेथीवरून बोलेन असं वाटलं नव्हतं. कुठेतरी खरं लिहिलेलं असावं. तिला वाचायला येत नाही, त्यामुळे वही उशाखाली ठेवली तरी धोका नाही.

झालं असं — ऑगस्टमध्ये ती न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणतात, चाला. ही चालत नाही! वॉकर धरून चार पावलं टाकते, की खाटेवर परत. भीती बसलीय. म्हणून ताबीशला ठरवला. व्यायाम करून घेणारा डॉक्टर, दर गुरुवारी घरी येणार, दोनशे रुपये. दुसरे पाचशे मागतात.

तर गोजरबाई म्हणते कशी, "पाय हलवायला दोनशे? आटवड्याच्या बाजारातनं तेवढं वाचवून दावा, मग येऊ द्या त्याला. न्हाईतर बंद!"

आणि तिनं एकदा बंद म्हटलं की विषय संपला. म्हणून मेथी दहा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ताबीश आला. अकरा पावलं चालवलं. तो म्हणाला, "मावशी, हाड कधीच जुळलंय. आता भीती तेवढी काढायची."

"तू पड की एकदा न्हाणीत, मग सांग मला."

हसला बिचारा. त्याचे दोनशे मी पीएफच्या पैशातून काढले. तिला सांगितलं, तेल आणि साखरेत वाचले. ती म्हणाली, "शिकलासा की!"

चाळीस वर्षांत बाजाराबद्दल पहिली शाबासकी. चोरीची होती, तरी गोड वाटली. खोटं कशाला लिहू.

९ नोव्हेंबर

टोमॅटो चाळीस. सांगितले वीस. वांगी साठ. सांगितलंच नाही, आणलीच नाहीत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल ठरवलं — खोटं बोलण्यापेक्षा खरंच वाचवू. मंगळवार बाजारात मुद्दाम उठायच्या वेळेला गेलो. तेव्हा माल मातीमोल जातो म्हणतात. पाच किलो टोमॅटो सत्तर रुपयांत! छाती काढून घरी आलो. पिशवी ओतली तर वरचा थर तेवढा टोमॅटो, खाली नुसता लगदा.

तीस वर्षं चिंचोळी एमआयडीसीत सूतगिरणीचा स्टोअरकीपर होतो मी! सुताचा एक खराब कोन कधी गेटमधून आत येऊ दिला नाही. आणि भाजीवाल्यानं मला असा गंडवावा!

आज सकाळी लगद्याची पिशवी टाकायला निघालो, तर गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या गंगम्मानं बघितलं. अक्कलकोटकडची बाई, अर्धी कानडी बोलते. म्हणाली, "काका, असं बेडा, बेडा, नको! वरचं बघू नये. हात खाली घालायचा. खालचा टोमॅटो घट्ट लागला तर घ्यायचं." मग तिनं स्वतःच्याच पाटीत माझा हात घालून शिकवलं. गिऱ्हाईक जाईल याची पर्वा नाही. वर मूठभर मिरच्या टाकल्या. "मावशीला चालवा लौकर," म्हणाली.

देव तिचं भलं करो. तीन दिवस टोमॅटोचं सार.

१८ नोव्हेंबर

आज लई मोठा शहाणपणा केला. मंगळवेढ्याला ज्वारी स्वस्त, म्हणून एसटीनं गेलो. किलोमागे सहा रुपये कमी. पंचवीस किलोचा कट्टा घेतला. जाण्यायेण्याचं तिकीट, कट्ट्याचं वेगळं, स्टँडवरून घरापर्यंत रिक्षा. हिशेब करू नये, रडू येईल.

गोजरबाईनं खाटेवरूनच मूठ मागितली. हातावर घेतली, फुंकर मारली. पीठ उडालं.

"अवो, ही गेल्या वर्साची हाय! नवी ज्वारी निघायला तीन म्हैनं ऱ्हायल्यात. आत्ता कोन कट्टा भरतंय? दुकानदार तळ झाडून मोकळा हुतोय, आन् तुमी आयतंच तितं गेला!"

खरंच की. सगळं सोलापूर शिवरात्रीनंतर ज्वारी भरतं. हे मला माहीत नसावं! दर वर्षी घरात कट्टा यायचा, मी भाकरी खायचो. कट्टा कधी येतो, कोण आणतं, का तेव्हाच आणतं — कधी विचारलं नाही.

दुपारभर दोघं ज्वारी निवडत बसलो. ती खाटेवर, मी खाली. किडे काढता काढता ती मला हसत होती. ऑपरेशननंतर एवढी हसलेली पहिल्यांदाच बघितली. कट्टा वसूल!

२१ नोव्हेंबर

तेलाची रिकामी पिशवी टाकायला निघालो, तर ओरडली. कात्रीनं उभी चिरायला लावली. आतून पीठ फिरवून घ्यायला लावलं, मग त्या पिठाची भाकरी. मी थापलेली! नकाशासारखी.

हे ती रोज करायची. आणि मी तिला चिकट म्हणायचो. पाहुण्यांपुढे म्हणायचो! मुलाचं, युवराजचं, शिक्षण माझ्या पगारात झालं असं समजत होतो. ते तिच्या चिरलेल्या पिशव्यांतून झालं. आज तो पुण्यात स्वतःच्या घराचे हप्ते भरतो. त्याच्याकडे मागायचं नाही, हे आम्हा दोघांचं ठरलेलं.

तिला तोंडावर सांगायला हवं. सांगता येत नाही. इथे लिहितो — गोजर, चुकलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बावीस पावलं! दारापर्यंत. उंबरा ओलांडायचं मात्र नाव नाही. दाराची चौकट धरून उभी राहते, गल्ली बघते, मागे फिरते.

ताबीशला सोडायला बाहेर गेलो तर हळूच म्हणाला, "काका, माझ्या घरची भाजी मीच आणतो. मावशी म्हणतात ती दहा रुपयांची मेथी कुठं मिळते, मला पण सांगा की."

मी खिशातून त्याचे दोनशे काढले.

तो हसला. "मी नाही सांगणार मावशीला. अजून चार गुरुवार मिळाले ना, तर त्या स्वतः बाहेर पडतील बघा." आणि आजचे दोनशे घेतले नाहीत! बळेच दिले तर मोटारसायकल चालू करून निघूनच गेला.

अशी माणसं आहेत म्हणून चाललंय.

१ डिसेंबर

फ्लॉवर तीस. सांगितला पंधरा. आता तर खोटा भाव आधी तोंडात येतो आणि खरा मागून आठवतो.

८ डिसेंबर, सोमवार

घात झाला.

शेजारची धनलक्ष्मी आली होती. घरी विड्या वळते, हात रिकामे झाले की गप्पा मारायला येते. गोजरबाईनं कौतुक सुरू केलं. "आमचं हे आता बाजारात लई तयार झाल्यात. गंगम्माकडनं मेथी दहाला आनत्यात."

"दहाला? मावशी, कालच मी वीस दिले तिला! आधी तर पंचवीसच्या खाली नव्हती. पावसानं भाज्या झोडपल्या ना यंदा."

मी खोकलो. पाणी मागितलं. उपयोग नाही. धनलक्ष्मी भोळी, तिनं टोमॅटो, वांगी, फ्लॉवर सगळ्यांचे भाव सांगितले!

गोजरबाईनं भिंतीकडे तोंड केलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

९ डिसेंबर

बोलत नाही. जेवली, पण बोलत नाही. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "परवा त्या ताबीशला येऊ नगं म्हना."

एवढंच. पाच गुरुवार झाले होते. अजून थोडे मिळाले असते तर! आता ती त्या खाटेवरच राहणार, आणि ते माझ्यामुळे. बाजार करायला शिकलो नाही, धड खोटं बोलायलाही शिकलो नाही. ताबीशला फोन करायचं धाडस होत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

दुपारी डोळा लागला. उठलो तर खाट रिकामी! न्हाणीकडे धावलो. नाही. दार सताड उघडं.

गल्लीच्या तोंडाशी, वॉकर धरून, गंगम्माच्या पाटीपुढे उभी! तिचा आवाज घरापर्यंत येत होता. मी उंबऱ्यातच थांबलो. पुढे गेलो नाही. गेलो असतो तर तिनं माझा हात धरला असता.

आली. एकटी, हळूहळू. वॉकरला पिशवी अडकवलेली. पायरीवर बसली, दम खाल्ला.

"मेथी वीसलाच हाय," म्हणाली.

"हो."

"मी पंधराला आनली."

मी वॉकरची पिशवी सोडवली. मग विचारलं, उद्या ताबीशला काय सांगू?

"येऊ द्या की. त्याचं दोनशे आता मीच काडते बाजारातनं."